टू-डी इकोमध्ये 'ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन': छातीवरून आतला दाब खरंच कळतो का?

गोदातीर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आईचं वय ६८. बरीच वर्षं रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, साखर नाही. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय म्हणून फिटनेससाठी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला. रिपोर्टमध्ये ईएफ ६० टक्के, झडपा ठीक, भिंतींची जाडी १० मिमी, आणि शेवटी ठळक अक्षरांत 'ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन'. आकडे असे: ई ५५, ए ७८, ई/ए ०.७, ई/ई-प्राइम ९.

भूलतज्ज्ञ म्हणाले, वयोमानाने असतं, काळजी नको. मावशीने तोच कागद ओळखीच्या एकांना दाखवला. ते म्हणाले, हार्ट फेल्युअरची सुरुवात आहे. आई त्या दिवसापासून जिना चढायलाच तयार नाही. धाप लागत नाही, पायाला सूज नाही, रात्री सपाट झोपते. तरीही घाबरली आहे.

तर दोन प्रश्न. या दोघांपैकी बरोबर कोण? आणि छातीवर प्रोब फिरवून हृदयाच्या आतला दाब कळतो तरी कसा? दंडाचा दाब मोजायला निदान पट्टा तरी आवळतात.

रानवारा

आमच्या सासऱ्यांच्या रिपोर्टवर हाच शेरा. आत्याच्याही. साठीच्या पुढच्या कोणाचा इको या ओळीशिवाय आला असेल तर इथे हात वर करा.

मध्यलय

+१. आमच्याकडे तीन जणांचे तीन कागद, तिन्हींवर ग्रेड १. वाचतेय.

डॉ_अजिंक्यतारा

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे, साताऱ्याकडे प्रॅक्टिस करतो. आईंना तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण शेऱ्याचा अर्थ सांगतो.

ईएफ म्हणजे खालचा डावा कप्पा दर ठोक्याला आतल्यापैकी किती टक्के रक्त बाहेर फेकतो ते. हा झाला आकुंचनाचा हिशोब. पण फेकायला आधी सैल होऊन भरावं लागतं (हा काळ म्हणजे डायस्टोल), आणि भरणं हे आपोआप होणारं काम नाही. आकुंचनासाठी पेशीत आलेलं कॅल्शियम परत कोठारात ओढून न्यावं लागतं आणि त्याला ऊर्जा खर्ची पडते. म्हणूनच स्नायूला रक्तपुरवठा कमी पडला की पिळण्याच्या आधी सैल होणं बिघडतं.

स्नायू सैल झाला की खालच्या कप्प्यातला दाब वरच्या कप्प्यापेक्षा खाली जातो, दोघांमधली मायट्रल झडप उघडते आणि रक्त वेगाने आत शिरतं. ही ई लाट. शेवटी वरचा कप्पा स्वतः आकुंचन पावून उरलेलं रक्त ढकलतो, ती ए लाट. तरुणपणी ई मोठी, ए लहान. वय वाढतं तसा स्नायू सैल व्हायला वेळ घेतो, ई बुटकी होते, आणि ती तूट वरचा कप्पा भरून काढतो म्हणून ए उंच होते. साठी-पासष्टीच्या आसपास बहुतेकांत ए ही ई च्या पुढे जातेच.

ग्रेड १ चा अर्थ एवढाच: सैल होण्याचा वेग मंदावला आहे, पण विश्रांतीत वरच्या डाव्या कप्प्यातला दाब वाढलेला नाही. दाब वाढलेला असतो तो ग्रेड २ आणि ३ मध्ये. 'ग्रेड १ म्हणजे हार्ट फेल्युअर' हे समीकरण चुकीचं आहे. हार्ट फेल्युअर हे लक्षणं, तपासणी आणि चाचण्या मिळून होणारं निदान आहे. इकोच्या एका ओळीवरून ते होत नाही.

सह्यकडा

मग माझ्या भावाचा ई/ए १.३ आला, त्याला ग्रेड २ लिहिलंय. १.३ तर ०.७ पेक्षा चांगला ना?

डॉ_अजिंक्यतारा

सगळी गंमत इथेच आहे, आणि घोटाळाही. आजार वाढला की हे गुणोत्तर आधी खाली येतं आणि मग परत वर चढतं. वरच्या कप्प्यातला दाब वाढला की तो रक्ताला मागून रेटतो, ई पुन्हा उंच होते आणि चित्र नॉर्मलसारखं दिसायला लागतं. म्हणून ग्रेड २ ला स्यूडोनॉर्मल म्हणतात. पुढे ई/ए २ च्या वर गेला आणि ई लाट झटकन खाली उतरायला लागली की ग्रेड ३.

म्हणजे पंचवीस वर्षांच्या धावपटूचा १.३ आणि सत्तरीतल्या दमलेल्या माणसाचा १.३ कागदावर हुबेहूब सारखे. निव्वळ ई/ए बघून कोणी काही सांगत असेल तर थांबून विचारा, बाकीचे आकडे कुठे आहेत?

तानपुरा

मी डॉक्टर नाही. पुण्यात भोसरीला वेल्डिंगच्या सांध्यांची अल्ट्रासोनिक तपासणी करतो, त्यामुळे ध्वनिलहरी रोजच्याच. माझी शंका मूळ गृहीतकावर आहे. तुम्ही मोजता ते वेग. दाब कुठेच मोजत नाही. वेगावरून दाब काढायचा तर मध्ये एक सिद्धांत लागतो आणि त्याच्या अटी पाळाव्या लागतात. जिवंत, हलत्या, प्रत्येकाच्या वेगळ्या हृदयात त्या पाळल्या जातात असं म्हणणं मला धाडसाचं वाटतं. रिपोर्टवर मात्र आकडा छापून येतो, जणू दाबमापक आत बसवला होता.

उत्तरवारा

तानपुरा, तुमच्या कामाचं आणि या तपासणीचं मूळ एकच आहे! मी दक्षिण स्वीडनमध्ये, लुंडला राहतो. हृदयाचा इको इथेच जन्मला. इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ. माल्म्याच्या कोकुम्स जहाज कारखान्यात धातूतले दोष शोधायला अल्ट्रासाउंडचं यंत्र होतं. हर्ट्झनी ते मागून आणलं आणि स्वतःच्या छातीवर लावून पाहिलं. पुढे सीमेन्सचं यंत्र मिळालं आणि २९ ऑक्टोबर १९५३ ला हृदयाच्या भिंतींच्या हालचालीची पहिली नोंद घेतली गेली. १९७७ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला. हर्ट्झचे वडील गुस्ताव हर्ट्झ हे १९२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी.

एडलरना हवी होती ती मायट्रल झडपेची माहिती. शस्त्रक्रिया कोणाची करायची हे ठरवताना झडप अरुंद आहे की गळकी हे छाती न उघडता कळायला हवं होतं. वातज्वराने (रुमॅटिक फीव्हर) खराब झालेल्या झडपा तेव्हा इथेही घरोघरी होत्या. आपल्याकडे अजून आहेत.

डॉ_अजिंक्यतारा

उत्तरवारा, फार छान माहिती. आणि तानपुरांच्या शंकेचं अर्धं उत्तर तुमच्या शेजारच्या नॉर्वेत आहे. ट्रॉन्डहाइमच्या लिव हात्ले या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉप्लरने (ध्वनिलहरींवरून रक्ताचा वेग मोजणारं तंत्र) अरुंद मायट्रल झडपेच्या अलीकडचा-पलीकडचा दाबातला फरक काढून दाखवला. बर्नूलीच्या समीकरणाचं सोपं रूप: वेग सेकंदाला किती मीटर ते घ्या, त्याचा वर्ग करा, चारने गुणा, उत्तर मिमी पाऱ्यात. बागेतल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात का उडतं, त्याचंच हे गणित. तिथे वेगावरून दाबाचा फरक मिळतो आणि तो कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून आत घातलेल्या बारीक नळीने, मोजलेल्या फरकाशी चांगला जुळतो.

उजव्या बाजूच्या झडपेतून थोडी गळती बहुतेकांना असते. तिचा वेग २.८ मीटर असेल तर २.८ चा वर्ग ७.८४, गुणिले ४ म्हणजे साधारण ३१. त्यात उजव्या वरच्या कप्प्याचा दाब मिळवला की फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब आला. तो उजव्या कप्प्याचा दाब पोटातल्या मोठ्या नीलेवरून धरतात. ती २.१ सेंमीपर्यंत असेल आणि नाकाने झटकन श्वास ओढल्यावर निम्म्याहून जास्त मिटत असेल तर ३ मिमी. फुगलेली आणि न मिटणारी असेल तर १५.

डाव्या बाजूच्या भरण्याच्या दाबाबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य. तो आम्ही अनुमानाने काढतो. थेट मोजायचा तर नीलेतून कॅथेटर घालावा लागतो. स्वान आणि गँझ यांनी १९७० मध्ये टोकाला फुगा असलेला कॅथेटर आणला, त्याने फुफ्फुसातल्या बारीक धमनीत फुगा अडकवून पलीकडचा दाब वाचता येतो. विश्रांतीत तो १५ च्या वर म्हणजे वाढलेला. पण गुडघ्याच्या ऑपरेशनआधी प्रत्येक आजीच्या मानेत कॅथेटर घालायचा का?

तानपुरा

नाही, अर्थातच नको. अनुमान आहे हे मोकळेपणाने सांगितलंत, एवढंच हवं होतं. आता ई-प्राइम म्हणजे काय ते कोणीतरी सांगा.

प्रोबवाली

ते माझं रोजचं काम, मी सांगते. मी इको टेक्निशियन आहे, मुंबईत.

ई आणि ए हे रक्ताचे वेग. झडपेच्या टोकांपाशी गेट (मशीनने वेग कुठला मोजायचा ती खूण) ठेवून घेतो. ई-प्राइम हा स्नायूचा वेग. झडप ज्या कड्याला लटकलेली असते त्या कड्यावर गेट ठेवायचं, एकदा मधल्या पडद्याच्या बाजूला, एकदा बाहेरच्या भिंतीकडे. रक्ताचा वेग सेकंदाला पन्नास-ऐंशी सेंमी, कड्याचा पाच-दहा सेंमी. रक्ताकडून येणारा आवाज क्षीण पण वेगवान, स्नायूकडून येणारा दणकट पण संथ. म्हणून मशीनची गाळणी उलटी लावावी लागते.

आता युक्ती बघा. ई दोन गोष्टींवर अवलंबून: स्नायू किती चपळ सैल होतो आणि मागून दाब किती रेटतोय. ई-प्राइमवर मुख्य छाप चपळाईची. ई ला ई-प्राइमने भागलं की चपळाईचा भाग बराचसा निघून जातो आणि मागचा रेटा उरतो. सरासरी १४ च्या वर गेली की दाब वाढलेला समजतात, ८ च्या खाली असेल तर सहसा नॉर्मल. मधला पट्टा म्हणजे दुसरीकडे बघा.

पण हे सगळं कोन बरोबर असेल तर. ध्वनिलहरींचा झोत, म्हणजे बीम, हालचालीच्या रेषेत हवा. तिरका पडला की वेग कमीच दिसणार. ई-प्राइम खोटा कमी, भागाकार खोटा जास्त. म्हणून पेशंटला नीट डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडून थांबायला सांगून, हृदयाच्या टोकाकडून नीट दिसेल अशी जागा सापडेपर्यंत वेळ द्यावा लागतो. रांगेत चाळीस जण असतील तर तो वेळ मिळत नाही. मग ई/ए बघितला, एकपेक्षा कमी, टेम्प्लेटमधली ओळ टिकली, पुढचा पेशंट. रानवारांच्या घरी सगळ्यांना ग्रेड १ का, याचं निम्मं कारण वय आणि निम्मं ही घाई.

रानवारा

प्रोबवाली ताई, पटलं. तेवढं ते जेल इतकं गार का असतं तेही सांगा! 😄 सासरे दचकून टेबलवरून उतरायला निघाले होते.

प्रोबवाली

थंडीत मी बाटली कोमट पाण्यात ठेवते. दचकलेल्या माणसाची नाडी वाढते, ई आणि ए एकमेकांत मिसळतात आणि मग मलाच काही मोजता येत नाही!

अबोली_रत्नागिरी

जरा अवांतर. माझ्या आजीने इको अर्धवट सोडला कारण आत पुरुष टेक्निशियन होते आणि ब्लाउज काढायला सांगितला. घरी येऊन रडली. पुन्हा जायला तयार नाही. काही करता येतं का?

प्रोबवाली

अवांतर मुळीच नाही. वेळ घेतानाच फोनवर विचारा की बाई टेक्निशियन आहेत का. नसतील तर बाई मदतनीस आत थांबेल का. समोरून उघडणारा गाऊन आणि वर पांघरायला चादर मागा, तो तुमचा हक्क आहे. प्रोब लावण्यापुरती जागा मोकळी असली की काम होतं. आजीला घरीच आधी सांगून ठेवा की डाव्या कुशीवर झोपायचं आहे, छातीच्या डाव्या खालच्या बाजूला दाबून बघतील, सुई नाही, किरण नाहीत. कल्पना असली की बायका खूप शांत राहतात.

मध्यलय

इकोच्या खोलीबाहेर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असा बोर्ड असतो. हृदयाच्या मशीनला तो कशाला?

डॉ_अजिंक्यतारा

१९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे. प्रोब बदलला की त्याच मशीनवर गर्भ दिसू शकतो, म्हणून इकोची मशीनही नोंदवावी लागतात. कागदपत्रांचा व्याप आहे, पण आपल्या राज्यात मुलींचं प्रमाण ज्या पातळीला गेलं होतं ते पाहता मला तो योग्य वाटतो.

कृष्णाकाठ

मी दुसरी बाजू मांडतो, कारण धागा वाचून 'ग्रेड म्हणजे काही नसतं' असा समज होईल.

वडील, ७१, वजन भरपूर, दाबाच्या दोन गोळ्या. वर्षभर धाप. ईएफ ६२ टक्के. जिथे जाऊ तिथे एकच उत्तर: पंपिंग छान आहे, हृदय ठणठणीत, वजन कमी करा. छातीचा एक्सरे, फुफ्फुसाच्या चाचण्या, ॲलर्जीची औषधं, सगळं झालं. वडील भाजी आणायला जाताना दोनदा कट्ट्यावर बसायचे आणि आम्ही त्यांना आळशी म्हणायचो.

शेवटी सांगलीतल्या एका डॉक्टरांनी इको पुन्हा केला, आणि यावेळी झोपून चालवायच्या सायकलवर पाय मारायला लावून. विश्रांतीत ई/ई-प्राइम ११ होता, न इकडे न तिकडे. थोडी पायडल मारल्यावर तो १७ झाला आणि गळतीचा वेग ३.३ वर गेला. म्हणजे बसल्या जागी दाब ठीक, चालायला लागले की फुफ्फुसाकडे तुंबायचं. पाण्याची गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन (मुळात मधुमेहाचं औषध) सुरू झालं. औषधाच्या दुकानदाराने 'यांना शुगर नाही, ही गोळी कशाला' म्हणून परत पाठवलं, ते वेगळंच. आता वडील बाजारापर्यंत न थांबता जातात.

म्हणून विनंती: ईएफ नॉर्मल आहे एवढ्यावर दमणाऱ्या माणसाला घरी पाठवू नका.

डॉ_अजिंक्यतारा

कृष्णाकाठ, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा आहे. ईएफ राखून झालेलं हार्ट फेल्युअर हे हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत असतं, आणि ते याच 'पंपिंग छान आहे' या वाक्यामागे दडतं. पूर्वी आमच्याकडे त्यासाठी पाण्याच्या गोळीपलीकडे फारसं नव्हतं. २०२१ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचा आणि २०२२ मध्ये डापाग्लिफ्लोझिनचा मोठा अभ्यास आला. साखर असो वा नसो, दोन्हींनी भरती होण्याचं प्रमाण कमी केलं. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या, पण 'शुगर नाही' म्हणून बंद करू नका.

आता इकोचं वजन किती, ते बघा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मंडळींनी दमणाऱ्या लोकांवर कॅथेटर घालून तपासून एक गुणांकन बनवलं, एकूण ९ गुण. नाडी अनियमित करणारं एट्रियल फिब्रिलेशन असेल तर ३, बीएमआय ३० च्या वर असेल तर २. दाबाच्या दोन किंवा जास्त गोळ्या, साठीच्या पुढचं वय, फुफ्फुसातला दाब ३५ च्या वर आणि ई/ई-प्राइम ९ च्या वर, प्रत्येकी १. म्हणजे ज्या भागाकारावर आपण इतकं बोललो त्याला नवातला एकच गुण! ० किंवा १ आले तर हा आजार असण्याची शक्यता कमी, ६ किंवा जास्त आले तर बरीच जास्त, मधल्यांची पुढे तपासणी.

गोदातीर, हे गुणांकन दमणाऱ्यांसाठी आहे आणि तुमच्या आई दमत नाहीत, तरी मांडून बघा. वयाचा १. दाबाची गोळी एकच, म्हणून ०. ई/ई-प्राइम ९, 'नऊच्या वर' नाही, म्हणून ०.

निवासी_वॉर्ड_सात

मी एमडी मेडिसिनला आहे, एक मुद्दा. २०१६ च्या अमेरिकन आणि युरोपीय संस्थांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ईएफ नॉर्मल आणि स्नायूचा आजार नसेल तर आधी चार गोष्टी बघायच्या: ई-प्राइम कमी आहे का (पडद्याकडचा ७ च्या खाली किंवा बाहेरचा १० च्या खाली), ई/ई-प्राइम १४ च्या वर, डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान शरीराच्या दर चौरस मीटरला ३४ मिलीच्या वर, आणि गळतीचा वेग २.८ च्या वर. निम्म्याहून जास्त 'हो' आले तरच डिसफंक्शन म्हणायचं. ग्रेड त्यानंतर. गोदातीर यांच्या रिपोर्टमध्ये कप्प्याचं आकारमान आणि गळतीचा वेग दिलाय का? नसेल तर ग्रेड कशावरून दिला?

गोदातीर

आत्ता बघितलं. ई-प्राइम ५.२ आणि ७ असं आहे. कप्पा '३६ मिमी' एवढंच. गळती 'ट्रिव्हियल', वेग नाही.

प्रोबवाली

३६ मिमी ही एका रेषेतली मापणी. कप्पा लांबट वाढला तर ती पकडत नाही, दोन बाजूंनी कडा आखून आकारमान काढावं लागतं. आणि मला तर ते माप सगळ्यात प्रामाणिक वाटतं. ई/ई-प्राइम त्या मिनिटाचा दाब दाखवतो, पाण्याची गोळी घेतली की बदलतो. वरचा कप्पा महिनोन्महिने दाब सोसला की फुगतो. फक्त झडपेचा दोष किंवा एट्रियल फिब्रिलेशन असेल तर तो दुसऱ्या कारणानेही फुगतो, हे धरून चालायचं.

तानपुरा

उलटं विचारतो. ई-प्राइम उत्तम असेल तर दाब नॉर्मल, असं खात्रीने म्हणता येतं?

डॉ_अजिंक्यतारा

नाही, आणि आपल्याकडे हे लक्षात ठेवायलाच हवं. क्षयरोगानंतर कधीकधी हृदयाभोवतीचं आवरण जाड, कडक होतं. आत स्नायू धडधाकट असतो, बाजूला फुलायला जागा नसते, म्हणून झडपेचं कडं उभ्या दिशेने जोरात हलतं. ई-प्राइम झकास, ई/ई-प्राइम कमी, आणि रुग्णाच्या पोटात पाणी, मानेच्या शिरा तट्ट. भागाकारावर विसंबलात तर आजार हातचा गेला. त्यात पडद्याकडचा ई-प्राइम बाहेरच्यापेक्षा जास्त निघतो, नेहमीच्या उलट. ती खूण शोधायची.

वातज्वराने अरुंद झालेली मायट्रल झडप, कड्यावर साचलेला चुना (कॅल्शियम), पेसमेकर, यांतही हा भागाकार चालत नाही. आणि गळतीचा वेग बघताना फुफ्फुस विसरू नका. आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायकांमध्ये तो वेग फुफ्फुसामुळेच वाढलेला असू शकतो, डाव्या बाजूचा दाब नॉर्मल असतानाही.

सह्यकडा

माझ्या भावाला विमा कंपनीने 'ग्रेड २' वरून हप्ता वाढवून सांगितलाय. ४४ वर्षांचा आहे, ट्रेकला जातो. अपील करता येतं?

निवासी_वॉर्ड_सात

४४ व्या वर्षी ई/ए १.३ हा साधा नॉर्मल असू शकतो. ग्रेड २ साठी ई-प्राइम, कप्पा, गळती यांचा आधार हवा. तो रिपोर्टमध्ये नसेल तर हृदयरोगतज्ज्ञांकडून पूर्ण मोजमापांसह इको पुन्हा करून, त्यांच्या पत्रासह लेखी फेरविचार मागा.

प्रोबवाली

आणि शंका राहिलीच तर त्याला कुंथायला लावून बघतात. तोंड-नाक बंद करून जोर लावला की हृदयाकडे येणारं रक्त घटतं. खोटं नॉर्मल असेल तर ई/ए निम्म्यावर येतो, खरं नॉर्मल असेल तर तसा कोसळत नाही.

गोदातीर

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोलून दुसरीकडे इको करून घेतला, यावेळी विचारून. कप्प्याचं आकारमान ३०, गळतीचा वेग २.४, नीला १.६ सेंमी आणि श्वासाबरोबर मिटते. ई/ई-प्राइम पुन्हा ९. चारपैकी फक्त ई-प्राइमचा मुद्दा 'हो'. शेऱ्यात लिहिलंय: 'वयानुरूप बदल, विश्रांतीत भरण्याचा दाब नॉर्मल'.

निवासी_वॉर्ड_सात

२.४ चा वर्ग ५.७६, चौपट २३, अधिक ३. म्हणजे २६. छान आहे. २०१६ च्या नियमाने डिसफंक्शन नाही.

डॉ_अजिंक्यतारा

२०२५ मध्ये अमेरिकन संस्थेने नियम सुधारले आहेत. वरचा कप्पा किती ताणला जातो ते मोजणारा स्ट्रेनही आता त्यात आहे, आणि कोणी त्या वाटेने गेलं तर आईंना पुन्हा ग्रेड १ लिहील. घाबरू नका. कुठल्याही नावाने हाक मारली तरी आईंचा भरण्याचा दाब वाढलेला नाही, ते बदलत नाही. जिना चढू द्या. दाबाची गोळी नियमित, कारण स्नायू कडक व्हायला सर्वात मोठा हातभार वाढलेल्या दाबाचाच.

एक मात्र करा. दोन्ही रिपोर्ट भूलतज्ज्ञांना द्या. सावकाश सैल होणाऱ्या हृदयाला नाडी फार वाढलेली सोसत नाही आणि सलाईन भराभर चढवलेलं सोसत नाही. ऑपरेशनच्या दिवशी ही माहिती त्यांच्या कामाची आहे.

अबोली_रत्नागिरी

आजीसाठी बाई टेक्निशियन असलेलं केंद्र सापडलं, सोमवारची वेळ घेतली. 🙏

पाटणकर_साठे

उशिरा आलो, पण विचारतो. बाबांना एट्रियल फिब्रिलेशन आहे. रिपोर्टमध्ये ग्रेडच दिलेला नाही, जागा कोरी. केंद्राकडून भरून घ्यायचा का?

डॉ_अजिंक्यतारा

नका. त्यांनी कोरी ठेवली हेच बरोबर. वरचा कप्पा थरथरतो, नीट आकुंचन पावत नाही, त्यामुळे ए लाटच नसते आणि नेहमीचे ग्रेड लागू होत नाहीत. ठोके कमी-जास्त अंतराने पडतात म्हणून एका ठोक्याचा आकडाही पुरत नाही, अनेकांची सरासरी लागते. पडद्याकडचा ई-प्राइम घेऊन केलेला भागाकार ११ किंवा जास्त आहे का आणि गळतीचा वेग किती, हे रिपोर्टमध्ये शोधा. मागचा एखादा इको घरात असेल तर तोही सोबत न्या, दोन्हीतले गळतीचे वेग शेजारी ठेवून बघता येतील. धाप वाढली असेल किंवा रात्री उशी उंच लागत असेल तर मात्र रिपोर्टची वाट न बघता आधी दाखवा.